विमानाचा खाडा

"चोवीस जानेवारी," प्रताप दारातूनच म्हणाले. पायांतले बूटही काढले नव्हते. "नलू, तारीख आली. मंगळवार, संध्याकाळी सातचं विमान. सहा महिने!"

मी हिराला पेज भरवत होते. चमचा तिच्या तोंडाशी नेला होता, तो तिथंच राहिला. तिनं मान पुढं करून आपणच पेज ओढून घेतली.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं." मग न राहवून विचारलं, "दुसरी तारीख नाही का मिळणार?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बूट सोडायला खाली वाकले, आणि नाड्या सुटल्यावरही बराच वेळ तसेच वाकून राहिले.

सहासष्टचा डिसेंबर संपत आला होता. बोईसर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या रस्त्यानं दिवसभर सिमेंटचे ट्रक तारापूरकडे जायचे, आणि त्यांची धूळ हिराच्या पाळण्यावर बसू नये म्हणून मी दारं-खिडक्या लावून घरात उकडत बसायची. तिकडं किनाऱ्यावर, घिवलीच्या बाजूला, अणुवीज केंद्र उभं राहत होतं. प्रताप तिथं ज्युनिअर इंजिनीअर होते. मुरब्याच्या मच्छीमार घरातून शिकून असल्या नोकरीला लागलेला पहिला माणूस. केंद्र सुरू झालं की कंट्रोल रूममध्ये बसायला मोजकी माणसं लागणार होती, आणि त्यांना आधी अमेरिकेत शिकून यावं लागणार होतं. जो जाईल तो कंट्रोल रूममध्ये बसेल. जो राहील तो पंप आणि पाइप मोजत राहील. दोन वर्षं ते याच एका कागदाची वाट बघत होते.

आणि कागदावर तारीख आली ती चोवीस जानेवारी.

जेवणं झाल्यावर मी ट्रंकेतून माझी वही काढली. लग्नाआधी मी पालघरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. रोज सकाळी फळ्यावर सुविचाराच्या खाली दिनविशेष लिहायचं काम माझ्याकडे असे. नुसत्या जयंत्या-पुण्यतिथ्या वाचून मुलं जांभया द्यायची, म्हणून मी विमानांचं आणि अवकाशाचं लिहायला लागले. त्यासाठी ही वही केली होती, एका तारखेला एक पान. पहिली नोंद बारा एप्रिलची, एकसष्ट साली माणूस पहिल्यांदा अवकाशात जाऊन आला ती. प्रताप मला बघायला आले तेव्हा पोह्यांपेक्षा जास्त वेळ त्यांनी ही वही बघितली होती. सतरा डिसेंबरच्या पानावर, पहिल्या विमानाच्या पहिल्या उड्डाणावर, बोट ठेवून म्हणाले होते, "बारा सेकंद! एवढ्यात आमच्या वामनची विडी पेटत नाही." वामन म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, तो होडीवर असतो. माझे वडील हसले, मी हसले, आणि तिथंच ठरलं म्हणायला हरकत नाही. लहानपणी वाळूत उताणं पडून सांताक्रूझची विमानं मोजण्यावरून प्रतापनं आईचा मार किती खाल्ला, तेही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं.

हिरा झाली आणि मी नोकरी सोडली. वही मात्र सुटली नाही. पण ती बदलली. कधी बदलली ते मला कळलं नाही. हिरा झोपली की मी पेपर घ्यायची, कात्री घ्यायची, आणि कापून निघायचं ते कुठंतरी पडलेलं विमान असायचं. आई झाल्यावर माणसाचे कान वेगळे होतात. स्टोव्हचा आवाज जरा बदलला तरी मी उठायची. बादलीवर झाकण आहे ना, हे बघायला अर्ध्या आंघोळीतून बाहेर यायची. वहीतही मी तेच करत होते बहुतेक. झाकणं बघत होते.

चोवीस जानेवारीच्या पानावर तीन नोंदी होत्या. एकसष्ट : दोन अणुबॉम्ब घेऊन उडणारं अमेरिकेचं विमान हवेत मोडलं, बॉम्ब शेतात पडले, फुटले नाहीत, तीन माणसं गेली. बासष्ट : एकाच रॉकेटवर पाच उपग्रह, एकही कक्षेत पोचला नाही. आणि सहासष्ट. त्या नोंदीला मी नुसती चौकट काढली होती, कात्रण चिकटवलं नव्हतं. मुंबईहून निघालेलं आपलं विमान आल्प्सच्या बर्फात, माँ ब्लां शिखरावर आदळलं, एकशे सतरा माणसं गेली. त्यांत आपल्या अणुशक्ती खात्याचे प्रमुख होते.

ती बातमी आली तेव्हा आम्ही सणाला मुरब्याला गेलो होतो. हिरा अडीच महिन्यांची होती. शेजारच्या रेडिओवर ऐकून प्रताप घरी आले आणि उंबऱ्यावर बसले. सासूबाई तांदूळ धूत होत्या. "काय झालं रे?" त्यांनी तीनदा विचारलं. हे म्हणाले, "आय, आमचे साहेब गेले." हे त्यांना आयुष्यात दोनदा भेटले असतील, त्यातलं एकदा पन्नास माणसांच्या घोळक्यात. पण मुलाखतीत त्यांनी ह्यांना विचारलं होतं, मुरबं कुठं आलं, आणि भरतीचं पाणी किती फूट चढतं. आणि हे चटकन बोलले ते उत्तर त्यांनी लिहून घेतलं होतं. त्या एवढ्या गोष्टीवर ह्यांचा अख्खा जन्म उभा होता. दोन दिवस त्यांनी अन्नाला हात लावला नाही.

आता बरोबर एका वर्षानं, त्याच तारखेला, त्याच कंपनीचं विमान.

"विमानाला तारीख कळते का, नलू?" दुसऱ्या दिवशी त्यांनी समजुतीनं विचारलं. "तू सायन्स शिकवायचीस."

"होडीला कळते?"

"होडीचं काय मधेच?"

"वामनभावजी खाडा का पाळतात मग? समुद्राला कळतं म्हणून?"

माझे सासरे होडीसकट गेले, त्याला बारा वर्षं झाली. तो दिवस आला की आमच्या घरची होडी पाण्यात उतरत नाही, जाळ्याला कुणी हात लावत नाही. यालाच खाडा म्हणतात. देवळासमोरून विडी ओढत जाणारा वामनसुद्धा त्या दिवशी वाळूवर पाय ठेवत नाही. आणि प्रताप, कुठंही असोत, त्या दिवशी रजा टाकून घरी बसतात. कारण विचारलं तर म्हणतात, "तसं आहे आमच्याकडे."

"ते वेगळं," ते म्हणाले.

"काय वेगळं? साहेब बापासारखे होते म्हणालात. दोन दिवस जेवला नाहीत. मग त्यांचा खाडा नको? ज्या वाटेनं माणूस गेला त्या वाटेला त्या दिवशी जायचं नाही, हे होडीला लागू आणि विमानाला नाही?"

मला त्यांना अडवायचं होतं, एवढंच. त्या घाईत हाताला जे लागलं ते मी फेकलं. खाडा-बिडा मी मानत नव्हते. मला नुसतं ते पान भीतीचं वाटत होतं. पण ते उठले. हिराला उचलून खिडकीशी गेले आणि धुळीचा रस्ता बघत उभे राहिले. मग म्हणाले, "हे मला सुचलं नव्हतं."

मला वाटलं, जिंकले.

चंद्रभान म्हणून त्यांचा एक मित्र होता, जळगावकडचा, बिनलग्नाचा, दर रविवारी आमच्याकडे मासे खायला शिकायचा आणि काटा अडकवून घ्यायचा. त्याची तारीख बारा फेब्रुवारी होती. दोघांनी अदलाबदल केली. ऑफिसात कारण काय द्यायचं? प्रतापनं लिहून दिलं, आई आजारी आहे. खोटं लिहिताना त्यांच्या अक्षराला एवढी वळणं आली की मी शेजारी बसून दोन अर्ज फाडले. सेक्शनचा हेडक्लार्क म्हणे हसला, "क्यों भाई, माँ बीमार है या घरवाली?"

जायच्या आधीच्या रविवारी चंद्रभान जेवायला आला. ताटात पापलेट होतं. पहिला घास घेऊन म्हणाला, "वहिनी, मला पुढं धाडताय होय, रस्ता नीट आहे का बघायला?"

त्याला काहीच माहीत नव्हतं. तो नेहमीसारखा बोलला. पण माझ्या हातातली वाटी ताटावर आपटली. प्रतापनं मान खाली घातली. त्यांना काय वाटलं ते मी पाहिलं. माझ्या मनात इतके दिवस चंद्रभान आलाच नव्हता. त्याची आई जळगावला होती, तिच्याकडे अशी वही नव्हती, म्हणून त्याला कुणी अडवलं नव्हतं.

"काय झालं? काटा?" चंद्रभाननं विचारलं.

"तुमच्या ताटात बघा आधी," मी म्हटलं. त्या दिवशी त्याचे काटे मी काढून दिले.

चोवीस तारखेला मी रेडिओजवळून हलले नाही. बातम्या झाल्या, शेतीचं झालं, भावगीतं झाली. पंचवीसला तेच. हिराला ताप असल्यासारखं वाटत होतं, नव्हता. सत्तावीसला प्रताप घरी आले, म्हणाले, "तार आली. पोचला. थंडीनं कान पडायची वेळ आलीय म्हणतो." मी देवापुढं दिवा लावला आणि वहीचं ते पान उघडलं. लिहायला काही नव्हतं. पोचलेल्या विमानाचा दिनविशेष होत नाही.

आणि लगेच अठ्ठावीसच्या सकाळी रेडिओवर ते सांगितलं. अमेरिकेत तीन अंतराळवीर जळून गेले. आकाशात नव्हे, जमिनीवर. नुसती तालीम होती. खालच्या रॉकेटमध्ये इंधनसुद्धा भरलेलं नव्हतं. कुठं जाणार नव्हते ते त्या दिवशी. आत बसले, दार लावलं, आग लागली आणि दार वेळेवर उघडता आलं नाही.

मी वही घेतली आणि अडले. तिथं सत्तावीस तारखेची संध्याकाळ होती, आमच्याकडे अठ्ठावीस लागली होती. कुठल्या पानावर लिहायचं? शाळेत असते तर मुलांना विचारलं असतं. शेवटी दोन्ही पानांच्या मधे, शिवणीत, बारीक अक्षरात लिहिलं. तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं मला. नाही कळलं.

पाच फेब्रुवारीला निरोप घ्यायला मुरब्याला गेलो. निवडणूक जवळ आली होती. एस्‌टीच्या मागंपुढं कर्ण्यांच्या जीपगाड्या ओरडत होत्या आणि हिरा प्रत्येक कर्ण्याला घाबरून माझ्या पदरात शिरत होती. सासूबाई, गोजराबाई त्यांचं नाव, मागच्या अंगणात बांबूवर टांगलेले बोंबील उलटत होत्या. वामन जाळं पसरून बसला होता.

"ये गं सूनबाय. पोरीला दे हिकडं." हिराला त्यांनी माशाच्या हातांनीच घेतलं, मी काही बोलले नाही. "कदी जाणार रे मोठ्या?"

"बारा तारखेला, आय. आणि ऐक, ऑफिसातलं कुणी आलंच तर तू आजारी होतीस."

"मी? मेल्या, मला आजारी पाडलीस? काय झालतं मला?"

"तापबिप सांग काहीतरी."

"दादा, आयला ताप आला तर तापच पळून जाईल," वामन म्हणाला. "दुसरं काय तरी लिवायचं होतं. कंबार मोडली वगैरे."

"तुजी मोडते आता," म्हणून त्यांनी त्याला एक बोंबील फेकून मारला. हिरा खदखदून हसली. सगळेच हसलो. तो हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो, कारण त्यानंतर त्या अंगणात आमच्यापैकी कुणी तसं हसलं नाही.

"बारा तारीख मंजे दिस कंचा?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना तारखा कळत नाहीत असं नाही. पण पाण्याचं सगळं चांदावर चालतं. भरती कधी, उधाण कधी, होडी कधी लोटायची, हे कुठल्या इंग्रजी तारखेत लिहिलेलं नसतं. एका हातानं हिराला सावरून त्या दुसऱ्या हाताच्या पेरांवर मोजायला लागल्या. "बेस्तरवारी अवस. शुक्करवार पाडवा, शनवार बीज, ऐतवार... तीज. माघातली तीज. मंजे दुसऱ्या दिसाला आपला गणपती. तो करून नाय जायचास?" आणि तशाच सहज सुरात पुढं म्हणाल्या, "गेल्या सालीबी गणपतीला हेच. तिजेला तुजं ते मोठं साहेब गेलं, मी तांदूळ धुवत होते, तू हितं उंबऱ्यावर येऊन बसलास. दुसऱ्या दिसाला मोदकाला हात नाय लावलास."

प्रताप वामनच्या जाळ्याची एक गाठ सोडवत होते. तो हात थांबला.

"आय, परत सांग."

"काय परत सांग? तीज. माघी गणपतीचा आदला दिस. सूनबायला इचार, ती होती की."

मी होते. सणाला गेलो होतो, हे मी स्वतः वहीत लिहिलेलं होतं. कुठला सण, त्याच्या आदल्या दिवशी कुठली तिथी, हे मला कुणी झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण मी तारखेला एक पान केलं होतं, आणि पानावर तिथी लिहायला जागा ठेवली नव्हती. ह्या वर्षी अधिक महिन्यानं सगळे सण एकोणीस-वीस दिवस पुढं गेले होते. त्यांच्याबरोबर तो दिवसही सरकला होता, आणि मी ह्यांना ओढून नेमकं त्याच्यावर आणून ठेवलं होतं.

"तो दिवस गेला की," मी घाईनं म्हटलं. "चोवीस तारीख होती. गेली ती. चंद्रभान पोचला."

प्रतापनं वर पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"खाडा तारखेनं नसतो, नलू," ते म्हणाले.

वामनला काही उमगलं नाही. "मग दादा विमानातनं मोदक खाईल," असं काहीतरी तो म्हणाला, आणि कुणीच हसलं नाही म्हणून जाळ्याकडे वळला.

परतीच्या एस्‌टीत ते मागच्या बाकावर जाऊन बसले. घरी येऊन मी कंदील पुसला, हिराला झोपवलं आणि त्यांच्यासमोर वही घेऊन बसले. आयुष्यात कधी बोलले नाही तशी बोलले. म्हटलं, मी ते वाद घालायला बोलले होते. मला भीती वाटत होती, दुसरं काही नव्हतं. तुम्ही जा. तुम्हाला गेलंच पाहिजे. मग पानं उलटत सुटले. "हे बघा, बारा फेब्रुवारी. एकसष्टला रशियाचं यान शुक्राकडे निघालं, थोड्या दिवसांत त्याचा आवाजच बंद झाला. त्रेसष्टला फ्लोरिडात विमान पडलं. म्हणजे तारखेनंही वाईटच. पण कुठलंही पान काढा! हे दोन मार्च बघा, हे तीस जून. एक पान कोरं नाही. हे अकरा नोव्हेंबर..." मी थांबले, पण पान उघडलेलं होतं. "आपली हिरा झाली त्याच दिवशी अमेरिकेत एक विमान उतरताना पेटलं. म्हणून हिराला काही झालं का? मग कुठल्या दिवशी माणसानं जायचं? काही अर्थ नाही ह्याला. काही अर्थ नाही!"

ते शांतपणे ऐकत होते. हिराचं पान त्यांनी वाचलं, कात्रणाची सुटलेली कड बोटानं दाबली.

"हे तू मला डिसेंबरात का नाही दाखवलंस?" एवढंच विचारलं.

डिसेंबरात मला एकच पान दिसत होतं.

"तुझ्या भीतीसाठी मी तारीख बदलली नव्हती," ते म्हणाले. "तू घाबरतेसच. हिराला शिंक आली तरी घाबरतेस. मी बदलली, कारण तू बोललीस ते मला पटलं. त्या वाटेला त्या दिवशी जायचं नाही. पटलं म्हणून चंद्रभानला माझ्या जागी ढकलला, आईला आजारी पाडली. आणि आता तोच दिवस खऱ्या मोजणीनं समोर आला तर डोळे मिटून जाऊ? मग चंद्रभानला कशासाठी पाठवला?"

"तो पोचला ना सुखरूप!"

"पोचला. तो त्याचा दिवस नव्हता."

हे माझे प्रताप बोलत होते. बारा सेकंदांवर हसलेले.

सोमवारी ते ऑफिसात गेले आणि लिहून देऊन आले. दुसऱ्यांदा तारीख बदलून मिळत नाही, हे तिथल्या साहेबांनी त्यांना बसवून, चहा देऊन सांगितलं. विचार कर म्हणाले. हे म्हणाले, विचार झाला. जागा राखीव यादीतल्या एका मुलाला गेली. हेडक्लार्क त्या दिवशी काहीच बोलला नाही म्हणे. ते मला जास्त लागलं.

बारा तारखेला आम्ही मुरब्याला होतो. गणपती होता ना दुसऱ्या दिवशी. मी सासूबाईंजवळ बसून नारळ खवत होते. मी त्यांना तिथीचं आणि खाड्याचं सांगितलं होतं. वाटलं होतं, बोलतील मला. त्या नुसती पिठी चाळत राहिल्या. मग प्रताप पाणी प्यायला आत आले तेव्हा म्हणाल्या, "वामन गेला होडी घेऊन. दुपारच्या भरतीला."

"आज?"

"आज काय हाय? आपल्या घरात आज खाडा नाय." त्यांनी चाळणी खाली ठेवली. "तुज्या बापाच्या दिसाला आमी त्याच्यासाठी भात काढून ठेवतो, मंजे तो घरी येऊन जेवतो. म्हणून आमी घरी ऱ्हातो रे. भ्या म्हणून नाय. भ्या धरलं असतं तर हा दर्या कदीच सोडला असता आमी."

प्रताप तांब्या हातात धरून उभे राहिले. सासूबाईंना वाटलं असेल, अजून वेळ आहे. एस्‌टी आहे, गाडी आहे, मुंबई काय लांब नाही. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की जागा गेली. ते मी सांगायची राहिले होते.

ह्यांनी तांब्या भरून ठेवला आणि समुद्राकडे निघून गेले.

दिवेलागणीच्या आधी मी हिराला घेऊन खाली गेले. ओहोटी लागलेली, वाळू लांबवर उघडी पडली होती. तिजेची कोर पाण्याच्या वर दिसायला लागली होती. ते एका उलट्या ठेवलेल्या होडीला टेकून बसले होते. मी शेजारी बसले. हिरा आता चार पावलं टाकायची. ती टाकत ती ओल्या वाळूकडे निघाली, आणि मी उठून तिला मागं आणली नाही. तेवढं एकच मला त्या दिवशी जमलं.

मग आवाज आला. दक्षिणेकडून, आधी नुसती घरघर, मग किनाऱ्याच्या वर, खूप उंच, लुकलुकणारा एक दिवा. हिरानं वर बोट केलं. प्रतापनं मनगट उजेडाकडे वळवून घड्याळ पाहिलं.

"वेळेवर निघालं," ते म्हणाले.

दिवा उत्तरेकडे गेला, बारीक झाला, आणि दिसेनासा झाल्यावरही ते तिकडंच बघत होते. खिशातून त्यांनी वामनच्या विड्यांचा कट्टा काढला. मी त्यांना कधी विडी ओढताना पाहिलं नव्हतं. वारा होता. एक काडी विझली, दुसरी विझली. ओंजळ करून ते परत परत पेटवत राहिले, आणि मी मनात सेकंद मोजत होते. बारा कधीच होऊन गेले होते.